पिवळे अंगठे

मतपत्रिकेची घडी उलगडली आणि माझा हात तिथंच थबकला. सायकलच्या चित्रावर फुलीचा शिक्का नीट मधोमध बसलेला होता, त्याबद्दल तक्रार नव्हती. पण कागदाच्या कडेला, जिथं माणूस कागद धरतो तिथं, एक अंगठा उमटलेला होता. पिवळाजर्द. सदुसष्ट सालचा उन्हाळा, जिल्हा परिषदेची मोजणी, कचेरीच्या आवारात पत्र्याचा मांडव, आणि कागद उडतील म्हणून पंखे बंद. घामाच्या धारा लागलेल्या. म्हटलं, डोळ्यांपुढं पिवळं आलं असेल. दुसरी घडी उलगडली. सायकल, आणि पिवळा अंगठा. तिसरीवर काही नव्हतं, जरा बरं वाटलं. चौथीवर पुन्हा अंगठा, आणि त्या पिवळ्यात चिकटलेला एक काळा, बारीक, कुरळा धागा. तो मी नखानं उचलला. लोकर होती. घोंगडीची काळी लोकर. हळदीनं पिवळे झालेले हात या सांगलीत पेठेत जाल तितके सापडतील, पण हळदीत लोकर मिसळलेला हात आमच्या वाडीशिवाय कुणाचा असणार? आमच्या वाडीत बिरोबाचा भंडारा घोंगडीच्या तुकड्याच्या पिशवीत ठेवतात. ती पिशवी माझ्या बापाच्या खोपटात खुंटीला टांगलेली असते.

मी त्या वाडीतला पहिला शिकलेला धनगराचा पोरगा. धुळा यल्लाप्पा. कचेरीत कारकून आहे, सांगलीत भाड्याच्या खोल्यांत राहतो, आणि माझं मत तिथंच असतं, म्हणून भंडारा उचलायच्या, म्हणजे मताची शपथ घ्यायच्या सकाळी मी वाडीत नव्हतो. नसतोच मी अशा वेळी. वाडी कुपवाडच्या पलीकडच्या माळावर आहे. आबा, म्हणजे माझा बाप यल्लाप्पा, जतेकडचा दुष्काळ टाळायला मेंढ्या घेऊन इकडं आला तेव्हा तिथं कुसळं होती, दगड होते आणि नानासाहेबांची मालकी होती. नानासाहेब म्हणाले, माझ्या रानात मेंढरं बसवा, मला खत होईल, तुम्ही माळावर पालं ठोका. आबानं तिथल्या तिथं भंडारा उचलला आणि शब्द दिला की या माळावर आमचं एक जरी पोर पाणी पीत असेल तोवर आमी तुमच्या भाईर न्हाई. मत नावाचा प्रकार तेव्हा आमच्यापैकी कुणी ऐकलेला नव्हता. पुढं मतं आली, तेव्हा शब्द मतांना लागू झाला. प्रत्येक निवडणुकीला आबा वाडी गोळा करायचा, बिरोबाच्या दगडापुढं पिशवी उघडायची, एकेकानं मूठभर भंडारा घ्यायचा, नानासाहेबांच्या निशाणीचं नाव घ्यायचं आणि तो कपाळाला लावायचा. जो भंडारा मोडील त्यानं वाडीचं पाणी प्यायचं नाही. इतकाच नियम. पोलीस नाही, कोर्ट नाही, दंड नाही. पाणी नाही म्हणजे झालं, माणूस जातोच.

या खेपेला नानासाहेबांची निशाणी तराजू होती. समोर हिंदुराव, सायकल घेऊन. हिंदुराव म्हणजे वाडीच्या अंगावर येऊन उभ्या राहिलेल्या फौंड्रीचा मालक, नवा पैसा, नवा बुशकोट. कोंडीबातात्या, आबाचा लहानपणापासूनचा जोडीदार, मतदानानंतर बाजाराला आला होता तेव्हा कचेरीच्या दारात त्यानं मला सगळं रंगवून सांगितलं होतं. "गड्या, आवंदा तुज्या आबानं लय कडक केलं. म्हनला, वारं बदललंय, पोरं फौंड्रीत जात्यात, कुनाचा काय भरवसा न्हाई. भंडारा उचला आन् मत घालूस्तवर हात धुवायचा न्हाई. बाया म्हनल्या, आवं, भाकरी कशा थापायच्या? तर म्हनला, उपाशी जावा!" आणि कोंडीबातात्या खदाखदा हसला होता. म्हणजे झालं ते असं. पिवळे हात घेऊन अख्खी वाडी रांगेत उभी राहिली. फौंड्रीच्या चाळीतली बिऱ्हाडं त्याच शाळेत मत द्यायला आली होती, ती हसली असणार. मग एकेक जण तरटाच्या आडोशामागं गेला, घामेजलेल्या पिवळ्या हातानं कागद धरला, शिक्का मारला, घडी केली, पेटीत टाकली. माणूस बांधून राहावा म्हणून आबानं हात धुवू दिले नाहीत, आणि त्यापायीच तरटामागचं सगळं उघडं होऊन माझ्या टेबलावर आलं. आबाला हे कळतं तर त्यानं सगळ्यांना आंघोळी घालून पाठवलं असतं.

"हे पिवळं काय आहे?" साहेब माझ्या मागं येऊन उभे होते. साहेब पुण्याकडचे, रुमालानं मान पुसत. दोरीपलीकडून तराजूचा माणूस ओरडला, "साहेब, खूण केलीया! मत ओळखू येतंय, बाद करा!" सायकलवाला त्याच्या अंगावर धावला. दोघांची जुंपली. साहेबांनी कागद उजेडाकडं धरला आणि मला विचारलं, "तुम्ही इकडचे ना? कसला डाग हा?" नुसतं भंडारा म्हटलं असतं तर ती मतं बाद झाली असती, आणि सगळ्या मांडवाला कळलं असतं की नानासाहेबांच्या स्वतःच्या वाडीनं त्यांना खाली खेचलं. आणि गंमत बघा, तो तराजूचा माणूस ज्यांना बाद करा म्हणून घसा फोडत होता ती त्याच्या हिशेबात त्याची हक्काची माणसं होती. मी म्हणालो, "हळद आहे, साहेब. पेठेत हमाली करतात ही माणसं. सांगलीत हळदीला काय तोटा?" मांडव हसला. साहेबही हसले. "खरंच की. मग मान्य," म्हणाले आणि पुढं गेले. शेजारी सोपान मोजत होता. माझ्याच वयाचा, छप्पन्न साली बौद्ध झालेल्या घरातला, कचेरीत माझा एकमेव सोबती. त्यानं फक्त एकदा माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा घड्या उलगडायला लागला. सोपानला हळद आणि भंडारा यातला फरक मी सांगायची गरज नव्हती.

मग मला एक खूळ लागलं. तराजूच्या गठ्ठ्यात पिवळा अंगठा शोधायचं. एक तरी असेल. हे मी इतक्या काकुळतीनं का शोधत होतो मला सांगता येणार नाही. मी त्या वाडीतून जीव घेऊन पळालेला माणूस. मला तो भंडारा, ते ढोल, ती घोंगडी, सगळ्याचा उबग होता. कॉलेजात असताना मी आबाला तोंडावर म्हणालो होतो की असं बांधून मत द्यायचं असेल तर बैलाला आणि आपल्याला फरक काय? आबा म्हणाला होता, "बैलाला शबूद देता येत न्हाई." बस्स, एवढंच. तेव्हा मी हसलो होतो. आता वाडीनं बांधून मत दिलं नव्हतं, सुटून दिलं होतं, मला आनंदच व्हायला पाहिजे होता. माझंच म्हणणं खरं झालं होतं. पण मी तराजूचा गठ्ठा पुन्हा पुन्हा चाळत होतो आणि तिथं सगळे स्वच्छ कागद होते. चाळीतल्या जुन्या माणसांचे असतील, रस्त्यापलीकडच्या मळ्यातल्यांचे असतील, कुणाचेही असतील. पिवळा एकही नव्हता. पिवळे सगळे सायकलकडं होते. बायकांचे लहान अंगठे, पोरांचे अर्धेमुर्धे, कुणी घाईनं पुसलेला, कुणाचा पाची बोटांसकट. आणि त्यातच तो होता. मोठा, रुंद, आणि मधोमध आडवी पांढरी फट सोडलेला. लोकर कातरताना कातर लागून आबाचा अंगठा एकदा आडवा चिरला होता. मी लहान होतो, रक्तावर हळद दाबायचं काम माझं होतं. ती खूण मी आंधळा असतो तरी ओळखली असती. मी तो कागद उलटा केला, सुलटा केला. शिक्का सायकलवर होता. अगदी नीट. हात थरथरलेला नव्हता.

मोजणी संपली, सायकल निवडून आली, बाहेर गुलाल सुरू झाला. आत चहा आला आणि सगळे हुशार झाले. एवढा जुना गड ढासळला कसा, यावर चर्चा. साहेब म्हणाले, हिंदुरावानं आणलेला पाण्याचा नळ. हेडक्लार्क म्हणाले, कसलं पाणी, फौंड्रीतल्या नोकऱ्या. तिसरा म्हणाला, शहर सरकत चाललंय हो, शहर जिथं सरकतं तिथं जुनी मतं टिकत नाहीत, सगळीकडं हेच. कुणी म्हणालं, नानासाहेब त्या माळाचे प्लॉट पाडून विकायला निघालेत, मग कोण मत देईल? बोलायला काय, जिभेला हाड नसतं. पण मी चहाचा कप हातात धरून बसलो होतो आणि मला कळत होतं की सगळं खरं आहे. नळ खरा होता, नोकऱ्या खऱ्या होत्या, प्लॉट तर मी डोळ्यांनी बघितले होते. बिरोबाच्या दगडापासून हाकेच्या अंतरावर चुन्याची रेघ आली होती. पण एवढ्या खऱ्या कारणांतून मला माझा बाप काही समजत नव्हता. नळाला मी आबाला कधी हात लावताना बघितलेलं नाही. सोपान मला कोपऱ्यात घेऊन गेला. "तुमच्या वाडीचं हाय ना?" मी मान हलवली. त्यानं चहा संपवला. मग म्हणाला, "आमी देव सोडलं तवा सगळ्यांनी मिळून सोडलं रं. उघड. दिवसाढवळ्या, गावानं बघावं म्हणून. माझी आई रडत हुती, पण शेजारीन बी रडत हुती, हातात हात हुता. तुमचं हे लय वंगाळ झालं, धुळा. एकेकट्यानं. चोरून." मला त्याचा राग आला. खरं बोलणाऱ्याचा येतो तसा.

दुसऱ्या दिवशी अंजनाक्काचा निरोप आला, आबा जेवत न्हाई, येऊन जा. अंजनाक्का माझी थोरली बहीण, नवरा गेल्यापासून आबाजवळच राहते. सायकल काढली आणि निघालो. कुपवाडच्या रस्त्याला कामगारांच्या सायकली एकीमागं एक, हँडलला डबे, फौंड्रीच्या धुराड्याखालून आत शिरणाऱ्या. गेटजवळ आबाची खुर्ची दिसली. रिकामी. आबा दोन-अडीच वर्षांमागं शेवटच्या मेंढ्या विकून या गेटवर राखणीला बसला होता. मेंढ्या राखायचं सोडून लोखंड राखायचं. त्या वेळी मला शरम वाटली होती आणि आबाला काही वाटल्याचं दिसलं नव्हतं. हिंदुरावानं स्वतः आतून खुर्ची आणून ठेवली होती, लोखंडी, पाठीला टेकायला वेताची. पहिले कित्येक दिवस आबा त्या खुर्चीवर घोंगडी ठेवायचा आणि स्वतः शेजारी उकिडवा बसायचा. एकदा मी जाताना बघितलं, तर आबा खुर्चीवर बसला होता. ताठ, दोन्ही हात मांड्यांवर ठेवून, फोटो काढायला बसल्यागत. मला बघून चटकन उठला. मी ती गोष्ट घरी बायकोला हसत सांगितली होती. आता रिकाम्या खुर्चीपुढून जाताना मला ते हसू आठवलं आणि पायडल मारवेना.

वाडीत कुणी काही बोलत नव्हतं, म्हणजे सगळे एकच बोलत होते. ओट्यावर, चिंचेखाली, जो भेटेल तो हात हलवून सांगत होता, "चाळवाल्यांनी घात केला गा. आमची समदी मतं तराजूलाच." म्हाताऱ्या, बाप्ये, परवा लग्न झालेल्या पोरी, सगळ्यांचं तेच. कुणाची नजर कुणाकडं नव्हती. आणि सगळे पाणी पीत होते. एवढं मी बघितलं. नव्या नळावर बायका पाळी लावून भांडत होत्या, पोरं ओंजळीनं पीत होती, नाथाजीनं माझ्यासमोर तांब्या वर धरून घटाघटा पाणी घशात ओतलं आणि मिशा पुसल्या. भंडारा मोडील त्यानं वाडीचं पाणी प्यायचं नाही. अख्ख्या वाडीनं प्यायचं नव्हतं ते पाणी. खोपटाच्या दारात अंजनाक्कानं मला तांब्या दिला आणि दबक्या आवाजात म्हणाली, "मत घालून आला त्या दिसापासनं हितलं पाणी पीत न्हाई. फौंड्रीच्या गेटावर जाऊन पितूया. भाकरी तितंच नेऊन देते, तर अर्धी कुत्र्याला. परवापासनं कामावर बी जात न्हाई, मग पाणी बी न्हाई. घोटभर म्हून दिलं तर भिताडाकडं तोंड करतूया. तूच काय त्ये सांग बाबा."

आबा घोंगडीवर बसला होता. ओठांना चिरा पडलेल्या. शेजारी गाठोडं बांधून ठेवलेलं, काठी, भंडाऱ्याची पिशवी मात्र खुंटीलाच. मला बघून म्हणाला, "आलास? बरं झालं. जतंला जातूया मी." आमच्या मूळ गावी लिंबाखाली बिरोबाचा एक दगड आहे. बाकी तिथं आता आमचं काही उरलेलं नाही. घर नाही, मेंढरू नाही, ओळखणारं माणूस नाही. टँकर आला तर पाणी, नाहीतर तेही नाही. मी म्हणालो, "आबा, तितं मरशीला तुमी." "मग काय झालं?" आबा म्हणाला. मग त्यानं अक्काला बाहेर पिटाळलं आणि अंगठा माझ्यापुढं धरला, तोच, चिरलेला, अजून नखाच्या कडेला पिवळा. "धुळा, तू लिवला-वाचलेला हाईस म्हून तुला सांगतूया. समद्या वाडीनं शबूद पाळला. येक मत फुटलं. माजं." त्यानं अंगठा मुठीत लपवला. "तरटाच्या आडोशाला ग्येलो. आत मी येकलाच. आरं, जल्मात येकला न्हवतो कवा. मेंढरं आसायची, न्हाईतर माणसं. तितं कोन न्हाई. देव बी न्हाई आसं वाटलं. तराजू बगितला तर नानासायबाची पायरी दिसली. हितं आल्याधरनं त्या पायरीखाली बसलोय मी, त्यानं कवा वर बस म्हनलं न्हाई. सायकल बगितली तर खुर्ची दिसली." आबाचा आवाज एकदम फाटला. "लोखंडाच्या खुर्चीपायी रं! वाडीला मी भंडारा द्यायाचा आन् मीच मोडायचा! कळत हुतं मला. हात चुकला न्हाई. कळत हुतं आन् केलं."

त्या क्षणी मला वाटलं, किती सोपं आहे. एक वाक्य बोललो की हा माणूस पाणी पिईल. मोजणीची गुप्तता पाळायची शपथ मी घेतली होती, ती गेली खड्ड्यात. मी आबाचे दोन्ही हात धरले आणि सांगून टाकलं. पिवळे अंगठे, लोकर, गठ्ठे, सगळं. "आबा, तुमी येकटं न्हाई. समद्यांनी सायकललाच दिलंय. तराजूत पिवळा अंगठा येक बी न्हवता. माज्या डोळ्यांनी बगितलं." आबा माझ्या तोंडाकडं बघत राहिला. मी वाट बघत होतो की आता चेहरा सैल पडेल. तो सैल पडला नाही. त्यानं हात सोडवून घेतले. "पिवळा व्हय? हळद आसंल ती. पेठंत हमाली करनारी मानसं हायत चाळीत. सांगलीत हळदीला काय तोटा?" मांडवात मीच उच्चारलेलं वाक्य माझ्या बापाच्या तोंडून, तितक्याच सहज, माझ्याकडं परत आलं होतं. म्हणालो, "आन् लोकर?" "बिडू," आबा म्हणाला. जतेकडचा माणूस चिडला की कानडीत जातो. बिडू म्हणजे सोड. "बिडू, बिडू. मला वाचवाय म्हून वाडीला बाटवू नगंस. माजं येकट्याचं पाप हाय, मी येकटा फेडीन. वाडी हाय तर मी जाऊन बी हाय. वाडीच न्हाई म्हनलास तर मी जाऊ कुटनं?"

मी बाहेर आलो, कोंडीबातात्याकडं जायला. अक्का भिंतीला टेकून उभी होती. तिनं सगळं ऐकलं असणार. मी तिला म्हणालो, "अक्का, तू सांग की त्याला. तू बी..." तिनं माझं मनगट घट्ट धरलं. "मला इचारू नगंस. आबा म्हातारं हाय, त्याला देव हाय जायाला. मी कुटं जाऊ? कुनाचं पाणी पिऊ?" आणि डोळ्याला पदर लावला. तिचा अंगठा मी बघितला नाही. बघायचं धाडस झालं नाही. कोंडीबातात्याला हाताला धरून ओढत खोपटात आणला. तोवर दारात माणसं जमली होती. मी म्हणालो, "तात्या, आबा वाडी सोडून निघालाय. त्याला वाटतंय त्यानं येकट्यानं भंडारा मोडला. तुमी त्याचं जोडीदार. खरं सांगा, मत कुनाला घातलं?" तात्यानं आबाकडं बघितलं, मग दाराकडं. दारात नाथाजी होता, बायका होत्या, तात्याचा फौंड्रीतला लेक होता. एक शब्द बोलला असता. एकानं तोंड उघडलं असतं तर मागोमाग सगळ्यांनी उघडलं असतं, मला खात्री आहे, आणि मग रडले असते, भांडले असते, नानासाहेबाला शिव्या घातल्या असत्या, काहीतरी झालं असतं. सगळे तात्याच्या तोंडाकडं जीव मुठीत धरून बघत होते. तात्या खुंटीकडं गेला. पिशवीत हात घातला, मूठ भरून भंडारा काढला आणि कपाळाला फासला. "बिरोबाची आन. तराजूला." मग दारातून नाथाजी आत आला. त्यानं पण उचलला. मग बायका. ओळीनं. कुणाचा हात चाचरला नाही. मी भिंतीला टेकून बघत राहिलो. अंजनाक्का सगळ्यांत शेवटी आली.

आबा उठला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्या तोंडावर शांतपणा होता. "बगितलंस?" मला म्हणाला. त्यानं स्वतः मूठभर भंडारा घेतला, एकेकाच्या कपाळाला लावला, एकेकाच्या पाया पडला. लहानसहानाच्यासुद्धा. "माजं चुकलं. मला पदरात घ्या." बायका मोठ्यानं रडायला लागल्या. ते रडणं खोटं होतं असं मी म्हणणार नाही. इतकं खरं रडणं मी कधी ऐकलेलं नाही. मी ओरडलो, "आरं, बोला की कुनीतरी! मरंल त्यो!" माझ्याकडं कुणी बघितलं नाही. शहरात गेलेलं पोर, त्याला काय कळतंय, असं काहीतरी एक म्हातारी पुटपुटली. आबानं गाठोडं काखेत मारलं, काठी घेतली. पिशवी खुंटीवरून काढून त्यानं कोंडीबातात्याच्या हातात दिली. "आता तू सांभाळ. तुज्यासारका धड मानूस हाय म्हून जिवाला घोर न्हाई." तात्यानं ती दोन्ही हातांनी घेतली.

स्टँडपर्यंत तात्यानंच त्याला सायकलच्या कॅरिअरवर बसवून नेलं. मी माझी सायकल सावकाश हाकत मागून येत होतो. त्यांच्या बरोबरीला जावं असं वाटेना. फौंड्रीच्या गेटावरून जाताना आबानं खुर्चीकडं मान वळवली नाही. स्टँडच्या नळावर तो ओणवा झाला आणि पाणी प्याला. पीतच राहिला. हनुवटीवरून, छातीवरून ओघळलं तरी पीत राहिला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला तर म्हणाला, "लय ग्वाड पाणी हाय रं." जतेची गाडी लागली. आबा चढला, खिडकीत बसला, माझ्याकडं बघून हसला, आणि गाडी हलली तेव्हा हसतच होता. मी हात वर केला नाही. मला वाटलं, हात वर केला तर तो खरंच जाईल. तो खरंच गेला.

कोंडीबातात्या सायकलला टेकून उभा होता. कपाळ पिवळं, घामानं भुवयांपर्यंत ओघळलेलं. धूळ बसली, स्टँड रिकामं झालं, तरी तो जाईना. चाळा म्हणून घंटी वाजवली, मग बोट आवरलं. शेवटी माझ्याजवळ आला, इकडंतिकडं बघितलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "धुळा, येक सांग गड्या. तितं मोजताना... कुनी कुनाला घातलं त्ये कळतं व्हय?"

त्याचे डोळे आबाच्या डोळ्यांसारखेच झाले होते, मघाशी घोंगडीवर बसलेल्या आबाच्या. मी हो म्हणू शकलो असतो. सगळी वाडी पुन्हा एकदा ढवळून काढू शकलो असतो, जतेची गाडी मिरजेला गाठू शकलो असतो.

"न्हाई," मी म्हणालो. "तसं काय कळत न्हाई."

"मग बरं," तात्या म्हणाला. त्यानं मोठा श्वास सोडला, सायकलवर टांग मारली आणि वाडीच्या रस्त्याला लागला. त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर, पाठीवर, कॅरिअरवर बसलेल्या आबानं आधाराला धरलं होतं तिथं, पिवळा अंगठा उमटला होता. मधोमध आडवी फट असलेला. तात्याला तो दिसत नव्हता.